सकाळची सुकती: धक्क्याला लटकलेल्या एका होडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही चौघं मिळून एक शिडाची होडी चालवतो. लांबी सुमारे ७ मीटर, बांधणी फायबरची, वजन दीड टनाच्या आसपास. ऑक्टोबर ते मे ती गेटवेसमोरच्या पाण्यात बोयावर, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणेला बांधलेली, असते. मुंबई बंदरात शिडाच्या होडीला बारा महिने धक्क्याशी बांधून ठेवायची सोय फारशी नाही. बोयाला बांधायचं, छोट्या होडीने जायचं-यायचं आणि पावसाळ्याआधी क्रेनने उचलून जमिनीवर घ्यायचं, हा आमचा रिवाज. त्यामुळे धक्क्याला बांधायची वेळ वर्षातून दोनदाच येते: उतरवताना आणि उचलताना. ज्या कामाची सवय सगळ्यात कमी, तेच काम समुद्र सगळ्यात बेभरवशाचा असताना करावं लागतं. या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

चौघांची ओळख नावं न घेता करून देतो. एक निवृत्त इंजिनीअर, त्यांना सगळे काका म्हणतात. एक शाळेत शिकवणाऱ्या ताई. एक एकोणीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा. त्याचे वडील आमचे जुने भागीदार, त्यांच्या जागी आता तो येतो. आणि मी. धक्का कोणता, क्रेन कोणाची, हे सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरचा दगडी धक्का, एवढं पुरे.

काय घडलं

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा होती, म्हणजे मे महिन्याचा शेवट आणि अमावस्येचं उधाण. कोकणपट्टीत तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमाराला पूर्ण भरती. भरतीचं पाणी हवं म्हणूनच क्रेनसाठी तो दिवस धरला होता. साडेअकराला होडी धक्क्याला लावली. क्रेन एकला यायची होती. तीनला फोन आला की आज जमत नाही, उद्या अकराला येतो.

इथेच पहिला निर्णय घ्यायचा होता: परत बोयावर जायचं की रात्रभर धक्क्यालाच राहायचं? शिडं उतरवलेली, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा वासा, काढून ठेवलेला, इंजिनाचं पेट्रोल बेताचं. त्यात परत जाऊन दुसऱ्या दिवशी जागा मिळेल याची खात्री नव्हती. १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद होते, त्यामुळे त्या आठवड्यात सगळे ट्रॉलर घरी परततात आणि धक्क्यावर तिळालाही जागा उरत नाही. आम्ही राहायचं ठरवलं. आजही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. राहायचं ठरवल्यावर ज्या तऱ्हेने राहिलो, ते चुकीचं होतं.

गर्दीमुळे नाळेच्या दोराला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या दोराला, धक्क्यावरचा जवळचाच लोखंडी खुंटा मिळाला. पुढचे दोन्ही बोलार्ड, म्हणजे दोर बांधायचे खुंटे, ट्रॉलरच्या दोरांनी गच्च भरलेले. आमचा दोर होडीपासून आडवा मोजला तर जेमतेम २ मीटर गेला. मागचा दोर आणि दोन तिरके स्प्रिंग, म्हणजे होडीला पुढे-मागे सरकू न देणारे दोर, त्या मानाने लांब होते.

दुपारभर आम्ही चौघंही तिथेच होतो. पाणी उतरत गेलं तसे दोर हाताने सैल करत गेलो. संध्याकाळी सातला ओहोटी पूर्ण झाली. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात दुपारची भरती ४.६ मीटर होती आणि सातची ओहोटी १.७. होडी सुखात तरंगत होती, दोरांना थोडी ढील होती. मी म्हणालो, "हे सगळ्यात खालचं पाणी. दोर इथपर्यंत पुरतोय, आता कुणी हात लावायचा नाही." पोराला रात्री होडीवर ठेवलं, डबा दिला आणि दहाला आम्ही घरी गेलो.

ते सगळ्यात खालचं पाणी नव्हतं. तक्ता माझ्या खिशात होता. रात्री एकला ४.० मीटर भरती आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ०.५ मीटर ओहोटी, असं त्यात छापलेलं होतं. मी संध्याकाळच्या ओळीवर बोट ठेवलं आणि खालची ओळ वाचलीच नाही. मुंबईत दिवसाच्या दोन ओहोट्या, म्हणजे सुकत्या, सारख्या नसतात. उन्हाळ्याच्या उधाणाला सकाळची ओहोटी संध्याकाळच्यापेक्षा मीटरभर किंवा त्याहून जास्त खोल जाते. हिवाळ्यात हे उलटं होतं. शेजारच्या ट्रॉलरचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, त्यांना सगळे मामा म्हणतात; ते नंतर म्हणाले, "दोन सुकत्या सारख्या नसतात रे. आता सकाळची खोल." त्यांना त्यासाठी तक्ता लागत नाही.

पहाटे सव्वाचार

रात्री साडेबाराला भरती जवळजवळ पूर्ण होती. होडी वर आल्यामुळे सगळे दोर लोंबत होते. बाहेरून एखादी बोट गेली की लाट यायची आणि नाळ फिरून शेजारच्या ट्रॉलरच्या कुशीवर आदळायची. फायबरवर लोखंडाचा तो आवाज ऐकून कोणीही तेच केलं असतं जे पोराने केलं. त्याने नाळेचा दोर आवळला. मी "हात लावायचा नाही" म्हणालो होतो, पण का लावायचा नाही हे सांगितलं नव्हतं. होडी आदळत असताना नुसता हुकूम कुणाला पुरत नाही.

दोर सुटू नये म्हणून त्याने क्लीटवर, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या दोन शिंगांच्या खुंटीवर, मिळेल तेवढे वळसे घातले आणि वर एकावर एक तीन अडकवण्या, म्हणजे टोक आपल्याच खालून घेऊन दाबून टाकणारे वळसे. मग झोपला.

ओहोटी एकसारख्या वेगाने उतरत नाही. खलाशी बाराव्या भागाचा हिशेब धरतात: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पाणी साडेतीन मीटर उतरायचं असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते दर तासाला जवळपास ९० सेंटिमीटर खाली जातं. एकची भरती धरली तर हे दोन तास म्हणजे पहाटे तीन ते पाच. माणसाची झोप नेमकी तेव्हाच गाढ असते.

सव्वाचारला त्याला जाग आली ती कुरकुर ऐकून. नाळ हात-दीड हात वर उचललेली, होडी धक्क्याकडे कललेली, मागची बाजू पाण्यात दबलेली. दोर इतका ताठ की बोटाने टिचकी मारली तर वाजेल. त्याने क्लीट सोडवायचा प्रयत्न केला, नखं तुटली, तळवा सोलला. मग मला फोन केला.

"दोर सुटत नाहीये. कापू का?"

मी म्हणालो, "कापू नकोस. थांब, मी येतो."

गिरगावातून टॅक्सीने धक्क्यावर पोचेपर्यंत पाच वाजायला दहा मिनिटं होती. ती पस्तीस मिनिटं ओहोटीच्या सगळ्यात वेगवान तासातली होती.

पर्याय

कोणते मार्ग होते आणि ते का बंद होते, हे नीट सांगतो. नंतर चर्चा करताना प्रत्येकाला वाटायचं की अमुक केलं असतं तर भागलं असतं.

क्लीट सोडवणं. क्लीट १५० मिलिमीटरचं आणि दोर १६ मिलिमीटरचा. साधा नियम असा, की क्लीटची लांबी दोराच्या जाडीच्या सोळापट हवी. १६ मिलिमीटरच्या दोराला २५० मिलिमीटरचं क्लीट लागतं. आमच्या क्लीटवर १० मिलिमीटरचा दोर शोभला असता. जाड दोराचे एक-दोन वळसे बसले की शिंगांवर जागा उरत नाही, पुढचे वळसे आधीच्यांवर चढतात आणि खालचे दाबून टाकतात. शिवाय पोराने दोर आधी जवळच्या शिंगावर नेला होता, त्यामुळे ताणाचा भाग स्वतःच्याच वळशाखाली चिमटला गेला. दोर मिठाने काठीसारखा कडक झालेला होता, तोही मदत करेना.

खुंट्याकडून सोडणं. तिथे आम्ही दोराला शिवलेला कायमचा फासा टाकला होता. ढील असताना तो सहज निघतो; ताण असताना चार माणसांनी ओढूनही इंचभर हलला नाही. आमच्या दोराची दोन्ही टोकं ताणाखाली न सुटणारी होती. याचा विचार आमच्यापैकी कुणीही, कधीही केला नव्हता.

दुसऱ्या दोराने ताण उचलणं. हा पुस्तकी आणि खरोखर चांगला उपाय आहे. ताठ दोरावर दुसऱ्या दोराची सरकगाठ, म्हणजे ताण आला की घट्ट धरणारी गाठ, मारायची, तो विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रावर, घ्यायचा, ताण त्याच्यावर आला की पहिला मोकळा करायचा. चारच्या आधी तो कदाचित जमला असता. पाचच्या सुमाराला होडीच्या वजनाचा मोठा भाग त्या एका दोरावर होता आणि आमचं छोटं विंच तेवढं उचलणारं नव्हतं.

वाट पाहणं. सुकतीला अजून सव्वादोन तास होते. म्हणजे ताण वाढतच जाणार होता.

कापणं. हाच राहिला. पण ताणलेला दोर कापणं म्हणजे कापडाची दोरी कापणं नव्हे. सुटलेलं टोक चाबकासारखं येतं आणि डोळा, जबडा, हात, जे मध्ये असेल ते फोडतं.

काय केलं

मी पोचलो तेव्हा अर्धं काम तांडेलमामांनी करून ठेवलं होतं. ते शेजारच्या ट्रॉलरवर झोपले होते. पोराची धडपड ऐकून उठले आणि सगळ्यात आधी त्यांनी त्याला नाळेवरून मागे हाकललं. मला त्यांचं पहिलं वाक्य ऐकू आलं ते हे: "दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाय."

मग त्यांनी आपल्या ट्रॉलरच्या पुढच्या खुंट्यापासून एक लांब नायलॉनचा दोर आमच्या दुसऱ्या बाजूच्या क्लीटपर्यंत आणला. पंधरा मीटर तरी असेल. भरपूर ढील ठेवली. तो कसा बांधला ते मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि अजून डोळ्यांसमोर आहे. दोर आधी लांबच्या शिंगाकडे, तिथून क्लीटच्या पायाभोवती एक पूर्ण वळसा, मग शिंगांवर दोन वेळा इंग्रजी आठ. संपलं. अडकवणी घातली नाही, टोक हातात धरून पोराच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मी बोललो की सोडत जा." होडी खाली आदळेल तेव्हा दोर घसरत घसरत धक्का पेलणार होता.

मी क्लीटवर बॅटरी टाकली. त्याची पुढची कड डेकपासून सुटली होती आणि फटीत करंगळी जाईल एवढी जागा होती. बोल्टाभोवतीचा रंग उडून पांढरा फायबर दिसत होता. आता विचार करायला काही उरलं नव्हतं. क्लीट उपटून आलं असतं तर दोराच्या टोकाला किलोभर लोखंड बांधून गोफण फिरवल्यासारखं झालं असतं.

पोर आणि मी कॉकपिटमध्ये, विंचच्या आड, खाली वाकून. मामा धक्क्यावर, खुंट्याच्या मागे, आडवे पडून. दोर खुंट्यालगत कापायचा, म्हणजे लांब टोक त्यांच्यापासून दूर जाईल. करवतीच्या दातांची मोठी सुरी होती. तीन-चार ओढींत दोराच्या लडी तुटायला लागल्या, मग गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. टोक माझ्या डोक्यावरून गेलं आणि डोलकाठीवर आपटलं. तिथे अजून खूण आहे. नाळ धपकन खाली गेली, होडी दोनदा जोरात डुलली, मामांचा दोर पोराच्या हातून फूटभर घसरला आणि धरून राहिला.

सात वाजून दहा मिनिटांनी सुकती झाली तेव्हा होडी धक्क्याच्या माथ्यापासून इतकी खाली होती की वर चढायला शिडी आणावी लागली. साडेअकराला क्रेन आली.

क्लीट उघडल्यावर

जमिनीवर घेतल्यावर काकांनी क्लीट उघडलं. दोन बोल्ट, खाली प्रत्येकी पंचवीस पैशांच्या जुन्या नाण्याएवढा वॉशर. आधाराची पट्टी नाही. डेकच्या आतला प्लायवूड ओला आणि काळा पडलेला, नखाने खरवडला तर चुरा होत होता. बोल्टांच्या बाजूने वर्षानुवर्षं पाणी झिरपलं होतं. त्या क्लीटखाली डेकवर तपकिरी ओघळ आम्ही निदान दोन हंगाम पाहत होतो. दरवर्षी ऑक्टोबरला ताई ते घासून पुसायच्या आणि पुन्हा यायचे. तो ओघळ म्हणजे स्टीलचा बोल्ट आत, जिथे हवा पोचत नाही अशा खाचेत, गंजत असल्याची खबर होती. आम्ही तो डाग समजून पुसत राहिलो.

दोराची गोष्टही तशीच. तो मुळात धक्क्याला बांधायचा दोर नव्हताच, निवृत्त केलेली शीट, म्हणजे शीड ओढून धरायचा दोर, होती. तो पॉलिएस्टरचा. पॉलिएस्टर फारसं ताणत नाही, म्हणून शीट आणि हॅलियार्डला, म्हणजे शीड चढवायच्या दोराला, उत्तम. बांधण्याच्या दोराला मात्र ताणलं जाणं हाच गुण लागतो. नायलॉन ताणतं, झटका गिळतं, आणि ओलं झालं की थोडं कमजोर होतं, म्हणून ते एक माप जाड घ्यायचं. "एवढा चांगला दोर फेकायचा कशाला" असं म्हणत आम्ही तो नाळेला लावला होता. गोड्या पाण्याने तो शेवटचा कधी धुतला हे चौघांपैकी कुणालाही आठवेना. मिठाचे खडे दोराच्या आत राहतात, तंतूंना आतून कापतात, हवेतला ओलावा धरतात. मुंबईच्या पावसाळ्यात मिठाचा दोर वाळतच नाही. वरून तो ठीक दिसत होता. काकांनी लडी उकलून दाखवल्या, तेव्हा आत पांढरी भुकटी आणि तुटलेले केस.

मला वाटायचं की त्या रात्री गाठ चुकली. खरं तर गाठ सगळ्यात शेवटी चुकली. त्याआधी तक्ता वाचायचा राहिला, दोर आखूड घेतला, चुकीचा दोर चुकीच्या मापाच्या क्लीटवर गेला, ओघळ पुसला गेला.

निर्णयाच्या जागा

आखूड दोराबद्दल आधी सांगतो, कारण तो सगळ्यात महाग पडला आणि त्याचं गणित सोपं आहे. रात्रीच्या भरतीला आमचं डेक खुंट्यापेक्षा साधारण अर्धा-पाऊण मीटर खाली होतं. सकाळच्या सुकतीला चार मीटर. दोर आडवा २ मीटर गेला असेल तर एवढ्या फरकाला जवळपास अडीच मीटर जास्तीचा दोर लागतो. तोच आडवा १० मीटर नेला, तर जेमतेम ८० सेंटिमीटर. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढून कुणीही पडताळून पाहावं. ताईंनी सातवीच्या वर्गात हेच उदाहरण घातलं. लांब दोर ओहोटी स्वतःच पचवतो. आखूड दोरापाशी रात्रभर माणूस जागा बसवावा लागतो. आम्ही आखूड दोर लावला आणि माणूस झोपवला.

पण पुढचे बोलार्ड भरलेले होते ना? होते. मामांना विचारता आलं असतं. ट्रॉलरच्या खुंट्यावरून दोर न्यायला त्यांनी पहाटे दिला तसा संध्याकाळीही दिला असता. आम्ही विचारलं नाही. शिडाच्या होडीवाल्यांना मच्छीमारांशी बोलायचा जो संकोच असतो तो यामागे होता, हे मला मान्य करायला हवं. बंदर त्यांचं अंगण आहे. पाहुण्याने उंबऱ्यावर उभं राहून हाक मारायला हवी होती.

दुसरी जागा माझ्या फोनची. "कापू नकोस, थांब" हे सांगताना माझ्या मनात दोर नव्हता, पोर होतं. एकटा मुलगा, अंधार, ताणलेला दोर आणि सुरी: त्याने स्वतःच कापायला घेतलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. म्हणून "कापू नकोस" बरोबर होतं, असं मी आजही म्हणेन. "थांब" बरोबर नव्हतं. मी म्हणायला हवं होतं: नाळेवरून मागे हो, शेजारच्या बोटीवर हाक मार, माणसं उठव, दुसरा दोर लाव. काकांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, सव्वाचारला दोन माणसांनी सरकगाठ आणि विंचचा उपाय केला असता तर कापावंच लागलं नसतं. असेल. त्या वेळी ताण किती होता हे आता मोजता येत नाही.

तिसरी जागा अडकवणीची. यावर आमच्यात अजून वाद आहे. मामा अडकवणी घालतच नाहीत. त्यांच्या वडिलांच्या काळात दोर काथ्याचे आणि तागाचे; ओले झाले की आखडायचे, आणि अडकवणी घातली तर क्लीट सुटायचंच नाही. तेव्हापासूनची शिस्त. आजचं नायलॉन आणि पॉलिएस्टर गुळगुळीत असतं, लाटेवर सैल-ताठ होत राहिलं तर नुसते आठ सरकू शकतात. म्हणून होडी सोडून जाताना एक अडकवणी हवी, असं माझं मत आहे. एकच. टोक आपल्याच खालून घेऊन आधीच्या तिरप्या वळशाला समांतर बसलं पाहिजे. समांतर बसलं नाही तर ती उलटी पडली आहे. सोडून परत घालायची. दुसरी-तिसरी अडकवणी पकड तिळभरही वाढवत नाही, कारण पकड पायाभोवतीच्या पहिल्या पूर्ण वळशाची असते. तो वळसा घर्षणाने ताण खातो, म्हणून वरचे आठ उलगडले तरी दोर हातात धरून सावकाश सोडता येतो. पोराने नेमका तोच वळसा घातला नव्हता.

आपल्याकडे सुरगाठ आणि निरगाठ असे दोन शब्द आहेत. बैलाचा कासरा, परकराची नाडी, पालखीचा दोर, सगळ्यांना सुरगाठ. कारण वेळेला ती एका हिसक्यात सुटली पाहिजे. होडीचा दोर त्याच जातीचा आहे. पोराने जे बांधलं ती निरगाठ होती, आणि त्याला तसं बांधायला कुणी शिकवलं नव्हतं. कसं बांधायचं हेही कुणी शिकवलं नव्हतं. तीन हंगाम तो आमच्याबरोबर आला. शीड कसं भरायचं हे आम्ही त्याला तासन् तास सांगितलं, क्लीट मात्र "बांध रे तिकडे" एवढ्यावर सोडलं.

पुढे काय झालं

दुरुस्तीला पावसाळा गेला. डेक खालून उघडून कुजलेला प्लायवूड काढला, जागा वाळवली, पक्कं फायबर भरलं. क्लीट २५० मिलिमीटरची, चार बोल्टांची, खाली हाताच्या पंजाएवढी ६ मिलिमीटर जाड पट्टी. बोल्टाची भोकं सीलंटने बंद. उरलेली तीनही क्लीटं उघडली. एकाखाली तसाच ओलावा होता. हे काम आम्ही वेळेवर केलं असतं तर एका शनिवारचं होतं.

नाळेला आता १६ मिलिमीटरचं पिळाचं नायलॉन, लांबी १८ मीटर. खुंट्यावर फासा टाकत नाही. दोर खुंट्यामागून घेऊन परत होडीवर आणतो, दोन्ही टोकं आपल्या हातात. रात्रभर राहायचं असेल तर मात्र हा दोर खुंट्यावर घासत राहतो, म्हणून तिथे कॅनव्हासचं वेष्टण शिवलं आहे. आधी प्लास्टिकची नळी चढवली होती, ती काढली: ताण पडत-सुटत राहिला की नायलॉन आतून तापतं आणि नळी त्याला पाणी लागू देत नाही.

दोर धुणं हे आता ताईंनी अंगावर घेतलेलं काम आहे. मे महिन्यात पाणीकपात असते, तरी दोन बादल्या पुरतात. टबात रात्रभर भिजवायचे, सकाळी पाणी बदलायचं, पुन्हा एकदा. थोडा सौम्य साबण चालतो, ब्लीच अजिबात नाही. बारके दोर उशीच्या अभ्र्यात बांधून मशीनमध्ये जातात. वाळवायचे ते गॅलरीत, सावलीत; उन्हात नायलॉनची उमर जाते. दरवर्षी दोर उलटा लावायचा, म्हणजे क्लीटखाली झिजणारा भाग बदलत राहतो. शिडांचंही तेच. गोडं पाणी, सावली, पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. पहिल्या वर्षी जिब, म्हणजे पुढचं शीड, किंचित दमट असताना माळ्यावर ठेवलं होतं, गणपतीत काढलं तेव्हा बुरशीचे काळे ठिपके. ते अजून गेलेले नाहीत.

उपटलेलं जुनं क्लीट एका फळीवर ठोकून पोराच्या घरी दिलं. त्याने फळी दाराच्या चौकटीला टेकवली आणि दोराला पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन लटकवला. कॅन जमिनीला न आदळता, एका हाताने, सावकाश खाली सोडायचा. पूर्ण वळसा नसेल तर कॅन हातातून निसटतो आणि अडकवण्या जास्त असतील तर सुटतच नाही. सप्टेंबरपर्यंत त्याने आम्हा तिघांनाही ते करायला लावलं. मला चौथ्या वेळी जमलं.

ऑक्टोबरला होडी उतरवली तेव्हा धक्क्यावर पुन्हा गर्दी होती, पुढचे बोलार्ड पुन्हा भरलेले. क्रेन सुटायला दुपार झाली. पोर दोराची वेटोळी खांद्यावर घेऊन शेजारच्या ट्रॉलरपाशी गेला आणि खालून हाक मारली, "मामा, तुमच्या खुंट्यावरून एक दोर नेऊ का?" मग खिशातून तक्ता काढून त्याने दोन्ही ओहोट्यांवर खूण केली आणि तो माझ्याकडे दिला.